बरोबरची एक खूण

वसमत,
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रिय पुनम,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे पत्र न फोडताच ढाब्याच्या गल्ल्याखालच्या खणात टाकलं असतंस, म्हणून पत्ता राजनंदिनीकडून लिहून घेतला. राजनंदिनी कोण ते सांगतेच पुढं. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मग फाड, चुलीत घाल, माझं काही म्हणणं नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढं सामसूम. सव्वा वर्षात तुझ्याकडून मला आलेला एकुलता एक शब्द म्हणजे दिवाळीचा 'शुभेच्छा', तोही बहुतेक दोनशे जणांना एकदम पाठवलेला. मी त्यावरही दिवसभर खूश होते, यावरून माझी काय गत झाली असेल ते समज. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला कोड्यात राहायला नको. तू सर्किट बोर्ड डिझाइनचं काम सोडलंस, ते तू पुन्हा हातात घ्यावंस, एवढ्यासाठी हे सगळं लिहिते आहे. त्यात एक गोष्ट अशी आहे की ती वाचल्यावर तुला माझा राग येईल. तो येऊ दे. तो आला तरच ह्या पत्राचा उपयोग झाला असं मी म्हणेन.

इकडं सगळं ठीक आहे. आईचे गुडघे दुखतात पण बाजारात हिंडताना दुखत नाहीत. पप्पांनी चष्म्याचा नंबर वाढल्याचं अखेर कबूल केलं, आता ते भिंगाच्या दिव्याखाली सोल्डरिंग करतात आणि दर दहा मिनिटांनी दिव्याला नावं ठेवतात. दुकानाची पाटी तीच, 'शेषराव इलेक्ट्रॉनिक्स', तिच्यातला 'क्स' अजूनही अर्धा उडालेला. पण आतली खोली तुला ओळखू यायची नाही. मोठी स्क्रीन घेतली. पहिल्या दिवशी पप्पा तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, बातम्या लाव. जुनी पंधरा इंची स्क्रीन माळ्यावर आहे, फेकवत नाही. तिच्यावर आपण दोघींनी भांडून भांडून काम केलं, ती भंगारात कशी घालू?

राजनंदिनी कळमनुरीकडची, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. जूनपासून आपल्याकडं शिकायला येते. मला 'मॅडम' म्हणते. सुरुवातीला मी मागं वळून बघायचे की कोण आलं. पहिल्या दिवशी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं, आपलं सर्किटचं सॉफ्टवेअर उघडून दिलं आणि म्हटलं, आज काही काढायचं नाही, आज फक्त आपली जागा लाव. तिला वाटलं मी थट्टा करते. म्हणाली, "मॅडम, सगळं तं लावेलच हाय की." मग तिला दाखवलं. पॅनेलची, म्हणजे स्क्रीनवरच्या त्या छोट्या चौकटीची, वरची पट्टी धरून ओढायची, कडेला नेली की निळा चौकोन दिसतो, तिथं सोडली की ते चिकटून बसतं. मधे सोडलं की तरंगत राहतं. एकावर एक टाकलं की वहीच्या पानांसारखी एकामागं एक लागतात. आणि कोपऱ्यातली ती टाचणीची खूण, जी तुझी लाडकी. टोचली की पॅनेल उघडं राहतं, उपटली की कडेला जाऊन लपतं. पोरगी दोन तास ह्यातच रमली. सुट्या भागांची यादी तिनं उजव्या हाताला लावली. काहून गं, म्हटलं, तर म्हणे, ताटात भाजी उजवीकडंच असती ना.  तू असतीस तर तिच्याशी तासभर वाद घातला असतास, कारण तुझी यादी कायम डावीकडं.

तुला आठवतं ना आपला पहिला बोर्ड? हिंगोलीला पॉलिटेक्निकमध्ये होतो आणि आमच्या गल्लीच्या चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी कमानीवरचे दिवे पळते करायचे होते. बाजारात तयार मिळत होतं, पण तू हट्टाला पेटलीस की आपण करू. शिकवणीला कोण होतं आपल्या? सॉफ्टवेअरची इंग्रजी मदत वाचायची, तू मोठ्यानं वाचायचीस, मी अर्थ लावायचे आणि तो निम्मा चुकीचा निघायचा. मिरवणुकीत डाव्या खांबावरचे दिवे वर चढत होते आणि उजव्या खांबावरचे खाली उतरत होते. आपण दोघी तोंड लपवून उभ्या, आणि गल्लीतली माणसं म्हणत होती, वा, काय डिझाइन केलंय! पप्पांना मात्र कळलं होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की पुढच्या बोर्डाचं काय ठरलंय. त्या एका प्रश्नावर तू डिप्लोमा झाल्या झाल्या कनेरगाव नाक्याहून वसमतला आलीस, सुनितामावशीकडं राहिलीस आणि आमच्या दुकानात कामाला लागलीस. माणिकरावकाका तुला सोडायला आले तेव्हा तुमच्या ढाब्यावरून डबा भरून शेवभाजी आणली होती. तशी मी परत खाल्ली नाही.

सॉफ्टवेअरचं लायसन एक, कॉम्प्युटर एक. सकाळी तू बसायचीस, दुपारी जेवणानंतर मी, आणि जी मोकळी ती पप्पांबरोबर मागं सोल्डरिंगला. दोघींना वेगळं लॉगिन करून द्या म्हटलं तर पप्पा म्हणाले होते, "एका खुर्चीला एकच पासवर्ड. तुमी दोघी काय सरकारी हापिसात हायेत व्हय?" तिथून आपलं महायुद्ध सुरू झालं. तुला सगळं डोळ्यांसमोर लागायचं. डावीकडं यादी, उजवीकडं गुणधर्म, खाली थरांच्या रंगीत पट्ट्या, त्यांच्यामागं वहीच्या पानासारखं लावलेलं संदेशांचं पॅनेल. मधे चित्राला जागा उरायची पोस्टकार्डाएवढी. मी म्हणायचे, ही स्क्रीन आहे का आठवडी बाजार? मला सगळं बंद लागतं, नुसता काळा मोकळा फळा आणि हात कीबोर्डवर. तू माझ्या स्क्रीनला पडीक शेत म्हणायचीस. दुपारी आल्यावर माझी दहा मिनिटं तुझी दुकानं बंद करण्यात जायची, आणि सकाळी तू एक बटण दाबून सगळं मूळपदावर आणून पहिल्यापासून मांडायचीस. स्क्रीनच्या कडेला आपण एकमेकींना चिठ्ठ्या चिकटवायचो. तुझी एक मी जपून ठेवली आहे, 'माझ्या पॅनेलला हात लावशील तर तुझी सोल्डर गन लपवीन.'

मग एके सकाळी तूच मेनूत शोधून काढलंस की आपली मांडणी नाव देऊन जपून ठेवता येते. एक 'पुनम', एक 'दीक्षा'. आलं, यादीतून आपलं नाव निवडलं, की सगळी पॅनेलं पळत जाऊन आपापल्या जागी बसतात. त्या दिवशी आपण स्टँडवरून भजी आणली, पप्पांना तह झाल्याचं सांगितलं. आपल्याला वाटलं, आता तुझं तुझ्याकडं, माझं माझ्याकडं, कुणाचं कुणात अडकत नाही. पुनम, हे वाक्य जरा लक्षात ठेव.

त्याच हिवाळ्यात आपण हळदीचा ओलावा मोजायचं मीटर करायला घेतलं. कल्पना तुझीच होती. वसमतच्या बाजारात व्यापारी हळकुंड मोडून त्याचा आवाज ऐकतो आणि ओली म्हणून नाक मुरडतो, शेतकरी म्हणतो वाळलीय, आणि दोघांच्या बोलण्याला पुरावा काही नाही. तू म्हणालीस, ह्यांच्या हातात एक आकडा देऊ. तीन महिने तू त्या बोर्डाच्या मागं होतीस. मी चेष्टेत म्हणायचे की तुझं लग्न ह्या मीटरशीच लावून देऊ. पण मला ते आवडत होतं, तुझं ते दातांत पेन धरून बसणं, एखादी रेघ जागेवर बसली की टेबलावर बोट वाजवणं. मला तुझा थोडा हेवाही वाटायचा, हे आजवर तुला कधी सांगितलं नाही. पप्पा आल्यागेल्याला सांगायचे, आमच्या पुनमनं काय केलंय बघा. 'आमच्या' म्हणायचे. मी बाजूला सोल्डर करत बसलेली असायचे.

मार्चात हंगाम तोंडावर आला. बोर्ड बनायला पाठवायचा दिवस तुझ्या पाळीत पडला, तू सकाळी तपासणीचं बटण दाबलंस, काही दिसलं नाही, फाइल पाठवलीस. पंधरा मीटर तयार झाली. आपण एकेक करून दुकानात तपासली, सगळी बरोबर आकडा दाखवत होती. एप्रिलात शेतकऱ्यांनी नेली. वारंगा फाट्याजवळचे पुंजाजीकाका, त्यांनी तर मीटर खिशात घालून गावभर मिरवलं होतं. ऑगस्टात ते आले ते हातात एक पिशवी घेऊन. पिशवी काउंटरवर उपडी केली. हळकुंडांवर पांढरी बुरशी. शिवून ठेवलेले नऊ कट्टे, म्हणजे नऊ पोती, तशी झाली होती. म्हणाले, "तुमच्या मीटरनं वाळली म्हनून सांगितलं, म्या कट्टे शिवले. आता काय करू याचं?" ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांच्यासमोरच आपण मीटर उघडलं. सेन्सरचा एक पाय बाकीच्या बोर्डाला जोडायचाच राहून गेला होता. दुकानात आपण मीटर चार्जरची वायर लावून तपासायचो आणि त्या वायरीतून ती जोडणी आपोआप पुरी व्हायची. शेतात नुसत्या बॅटरीवर ते मनाला येईल तो आकडा दाखवायचं. इतकी साधी गोष्ट. तू काउंटरच्या बाहेर आलीस, पुंजाजीकाकांच्या समोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "काका, बोर्ड म्या केला. चूक माझी हाय." आणि मी काय केलं? मी सगळ्यांसमोर तुला विचारलं की पाठवायच्या आधी तपासणी तरी केली होतीस का. तू म्हणालीस, केली होती. मी म्हटलं, मग दिसलं काहून न्हाई?  तुला खरंच काही दिसलं नव्हतं. पप्पाही तुझ्याकडंच बघत होते. तू बाकीच्या चौदा मीटरवाल्यांच्या दारोदार जाऊन ती परत आणलीस, एकटीनं, आठ दिवस, आणि नवव्या दिवशी बॅग भरून कनेरगाव नाक्याला गेलीस. मी स्टँडवर आले नाही. डोकं दुखत होतं म्हणून सांगितलं. दुखत नव्हतं.

आता ऐक. तू गेल्यावर अकराव्या दिवशी मला फळ्याचा रंग बदलायचा होता, म्हणून मी सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये गेले. तिथं एक ओळ आहे, चूक सापडली की संदेशांचं पॅनेल आपोआप पुढं यावं अशा अर्थाची. तिच्यापुढं एक छोटा चौकोन आहे, त्यात बरोबरची खूण असते. चौकोन रिकामा होता. ती खूण मी काढली होती. मार्चात, बोर्ड पाठवायच्या आधीच्या एका दुपारी. मी रेघा ओढत होते आणि ते पॅनेल दर दोन मिनिटांनी तोंड वर काढून माझ्या चित्रावर येऊन बसत होतं, जोडणी अपुरी, जोडणी अपुरी, म्हणून. काम अर्धं आहे तर अपुरी असणारच की, म्हणून मी वैतागले, शोधून ती खूण काढली आणि 'दीक्षा' नावानं मांडणी जपून ठेवली. एक मिनिटही लागलं नाही. मला वाटलं, हे माझ्या मांडणीपुरतं झालं. पण मांडणीत फक्त पॅनेलच्या जागा राहतात, पुनम. ती खूण सगळ्यांची एकच असते. मला स्वतःला अडचण नव्हती, कारण शेवटी मी ते पॅनेल हातानं उघडून बघायचे. तुझ्या मांडणीत ते पट्ट्यांच्या मागच्या पानावर असायचं, आणि तुझी सवय वेगळी. चूक असली की ते तुझ्यापुढं येतं, हे तुला तीन वर्षांच्या अनुभवानं पक्कं ठाऊक होतं. त्या सकाळी तू तपासणी केलीस, ते पुढं आलं नाही, तू समजलीस सगळं बरोबर आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही तेच समजले असते.

मी ती खूण परत लावली, तुझी फाइल उघडली, तपासणीचं बटण दाबलं. पॅनेल टुणकन पुढं आलं. त्यात एकच लाल ओळ होती आणि सेन्सरच्या त्याच पायाचा नंबर होता. मी ती ओळ किती वेळ वाचत बसले कोण जाणे. आईनं दोनदा चहाला हाक मारली. मग मी फाइल बंद केली आणि चहा प्यायला गेले.

तेव्हाच तुला फोन का केला नाही, हे तू विचारशील, आणि विचारलंच पाहिजेस. पहिले आठ दिवस मी स्वतःला सांगत होते की तू जरा शांत झालीस की सांगू. मग वाटलं, आता पप्पांनी पुंजाजीकाकांशी सगळं मिटवलंय, पुन्हा कशाला उकरायचं. मग तू फोन उचलेनाशी झालीस, तेव्हा खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. बघा, मी तर करतेय, तीच उचलत नाही. असा सोयीचा विचार करायला मी इतकी हुशार आहे हे मला माहीत नव्हतं. खरी गोष्ट एवढीच की पप्पांच्या नजरेत मी तुझ्या खाली होते, तू गेल्यावर बरोबरीला आले, आणि तिथून उतरायची मला भीती वाटली. हे लिहिताना लाज वाटते. पण अर्धं लिहून थांबले तर पुन्हा तेच होईल.

मागच्या रविवारी पप्पांना सांगितलं. सोल्डर गन स्टँडवर ठेवून ते ऐकत होते. मला वाटलं चिडतील. पण म्हणाले, "त्या दिवशी म्या बी पुनमकडंच बगितलं. तुज्याकडं बगायचं सुचलंच न्हाई मला." एवढंच. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. आईनं तर ताट वाढून सरळ आत निघून जायचं धरलं होतं. तुझ्यावर ह्या घराचा किती जीव आहे ते मला त्या दोन दिवसांत कळलं.

बुधवारी वारंगा फाट्यावर उतरून पुंजाजीकाकांकडं गेले. ते हळदीच्या शेतात होते, पाला कमरेच्या वर आला आहे यंदा. बांधावर उभं राहून सगळं सांगितलं, खुणेचं, पॅनेलचं, तुझं, माझं. त्यांना सॉफ्टवेअरमधलं काय कळलं असेल देव जाणे, पण मुद्दा बरोबर कळला. म्हणाले, "तुमाला सव्वा वरीस लागलं. ती पोरगी तं त्याच घडीला पुढं आली व्हती, आन् तिची चूक बी नव्हती म्हंता." मी मान हलवली. मग त्यांनी मला घरी नेलं, शकुबाईकाकूंनी चहा दिला, आणि निघताना काका म्हणाले, "औंदाबी मीटर पायजे मला. पर तिनं तपासलेलं असंल तं घेईन. तिला सांगा, माझा तिच्यावर राग न्हाई, कवाच नव्हता." फाट्यावर बसची वाट बघताना मी रडले. आजूबाजूचे ट्रकवाले बघत होते, बघू दे म्हटलं.

तुला वाटेल, आधी मला का नाही सांगितलं. मुद्दामच. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तुला एकटीला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, जाऊ दे दीक्षा, झालं ते झालं, काकांना काही बोलू नको, आणि गोष्ट पोटात घालून मोकळी झाली असतीस. ज्यांच्यासमोर तू मान खाली घालून उभी होतीस त्यांना आधी कळायला हवं होतं. आता ते कळलं आहे. राजनंदिनीलाही सांगितलं. तिनं पहिली गोष्ट काय केली असेल, तर सेटिंग उघडून ती खूण जागेवर आहे ना ते बघून घेतलं. रोज सकाळी बघते. माझ्यावर भरवसा नाही म्हणते आणि हसते. पोरगी कामाची आहे.

आणि आता शेवटचं. दिवाळीच्या पाडव्याला माणिकरावकाकांचा मला फोन आला होता. तू त्यांना सांगू नको म्हणालीस, पण बाप आहेत ते, त्यांनी सांगितलं. वाशिमच्या कारखान्यातून तुला डिझाइनच्या जागेसाठी वीस तारखेला मुलाखतीला बोलावलं आहे, आणि तू ते पत्र घडी करून ठेवून दिलंस, म्हणालीस, माझ्या हातून लोकांचं नुकसान होतं, मी ढाब्यावरच बरी. काका मला म्हणाले, "तूच सांग बाई तिला, तुजं ऐकल ती." पुनम, त्या वाक्यानं मला झोपू दिलं नाही. तुझ्या हातून कुणाचं नुकसान झालेलं नाही. झालं ते माझ्या हातून, आणि मी गप्प राहिले म्हणून तू ते सव्वा वर्ष स्वतःच्या नावावर घेऊन जगलीस. मला तू परत इथं हवी आहेस, त्या खुर्चीत, सकाळच्या पाळीत, सगळा आठवडी बाजार मांडून. पण हे पत्र त्यासाठी नाही. तू वसमतला येऊ नकोस, वाशिमला जा. तिथं तुला स्वतःचा कॉम्प्युटर मिळेल, कुणाशी वाटून घ्यावा लागणार नाही. सोबत पप्पांनी लिहिलेलं अनुभवाचं पत्र आहे. त्यात तुझं काम तीन वर्षांचं लिहिलं आहे, ते मीटर तू केलंस हे लिहिलं आहे, आणि त्यातली चूक कुणामुळं झाली तेही लिहिलं आहे, माझ्या पूर्ण नावानिशी. खाली पप्पांची सही आहे आणि त्याखाली माझी. मुलाखतीत मागची नोकरी का सोडली असं विचारलं तर ते पत्र पुढं कर. वीस तारखेला सकाळी आठला मी कनेरगाव नाक्याच्या थांब्यावर असेन. माझ्याशी बोलायची सक्ती नाही, लांब उभी राहीन. तू वाशिमच्या गाडीत चढलीस, जागा मिळाली, गाडी हलली, एवढं बघितलं की समोरून येणारी हिंगोलीची गाडी धरून मी आपली परत जाईन.

तुला चालत असेल तर तुझीच,
दीक्षा